तिसरी हरकत

काच पुसणं सोपं, पैसे मागणं कठीण. बावीस वर्षं हेच काम केल्यावर मी हे सांगतो आहे, तेव्हा ऐकून घ्या. नवव्या मजल्याच्या बाहेर दोरावर लटकायला माणूस पंधरा दिवसांत शिकतो. पण दोर सोडून, घाम पुसून, त्याच घराची बेल वाजवायची आणि "काकू, दोनशे चाळीस झाले" म्हणायचं, हे शिकायला मला तीन वर्षं लागली.

माझं नाव हेमराज निखारे. नागपुरात वर्धा रोडच्या अंगाला, बेसा-पिपळ्याकडे ज्या उंच इमारती झाल्या त्यांच्या काचा मी पुसतो. कुठल्या कंपनीत नोकरीला नाही. दोर माझा, बादली माझी, गिऱ्हाइकं माझी. नागपूरचा उन्हाळा आणि त्यातली धूळ ज्याने पाहिली आहे त्याला या धंद्याला मरण नाही हे वेगळं सांगायला नको. मरण होतं ते वसुलीत. साहेब बाहेर गेले आहेत. फोन चार्जिंगला लावला आहे. पुढच्या वेळचे मिळून देते. एका घरातून तर मला वर्षभर पैशांऐवजी पपया मिळाल्या, कारण त्यांच्या शेतात पपया फार झाल्या होत्या. शेवटी माझी बायको ममता म्हणाली की एक तर ते गिऱ्हाईक सोडा नाहीतर मला सोडा. मी गिऱ्हाईक सोडलं.

हा धंदा मला माझ्या काकांनी, नत्थूजींनी शिकवला. वसुलीची त्यांची एकच रीत होती. दारात उभं राहून पैसे मागायचे नाहीत. चपला काढून आत जायचं, गिऱ्हाइकाला खिडकीशी बोलवायचं आणि दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून काचेतून बाहेर बघायचं. बघून झालं की पैसे. आम्ही याला ‘काच दाखवणं’ म्हणायचो. एखादा डाग राहिला असेल तर तिथल्या तिथे कळतो, आणि राहिला नसेल तर गिऱ्हाइकाला पैसे नाही म्हणायला तोंड राहत नाही. काकांचं म्हणणं होतं की माणूस दारात असला की त्याचा हात खिशाकडे जात नाही, खिडकीशी आला की जातो. मी अनुभव घेऊन पाहिला आणि ते खरं निघालं.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. "जुनं गिऱ्हाईक," ते म्हणाले, "पैशाले कधी मागंपुढं न पाहणारं, अन् एकाएकी म्हणायले लागलं का काच धुरकट आहे, तर भांडू नको. दुसऱ्यांदा पुसू बी नको. त्याले म्हण, डोळे दाखवून या जी."

मला तेव्हा हसू आलं होतं. पण बावीस वर्षांत तीन माणसांना मी असं डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं आणि तिघांचेही डोळे बिघडलेले निघाले. माझ्या सगळ्यात मोठ्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या देवतळे साहेबांनी मोतीबिंदू काढून घेतल्यावर संत्रा बर्फीचा डबा दिला आणि मागच्या दोन महिन्यांचे अडवलेले पैसेही दिले. सगळ्या इमारतीत तेव्हा माझं नाव झालं. निखारे काचा पुसतो आणि डोळेही तपासतो, अशी थट्टा लोक करत.

त्या इमारतीच्या क विंगमध्ये अकराव्या मजल्यावर शशिकला वैरागडे राहायच्या. मी त्यांना काकू म्हणायचो. पाटबंधारे खात्यात त्यांनी चौतीस वर्षं नकाशे काढले होते. धरणं, कालवे, पाटचाऱ्या, सगळं शाईने, केसाएवढ्या रेघेत. लग्न केलं नव्हतं. रायपूरला एक भाचा होता, तो दिवाळीला यायचा. त्यांच्या हॉलची खिडकी मोठी, भिंतभर, आणि तिच्यातून विमानतळ दिसायचा. संध्याकाळी चहा घेऊन त्या तिथे बसायच्या आणि दिवे लागलेल्या धावपट्टीवर उतरणारी विमानं बघायच्या.

काच दाखवताना माझी खरी परीक्षा व्हायची ती त्यांच्याकडे. इतर लोक काच बघितल्यासारखं करत. काकू खरंच बघत. डाव्या कोपऱ्यात वायपर उचलल्याची एक रेघ राहिली आहे म्हणाल्या की ती असायचीच, आणि मला ती बोटाने दाखवल्यावरही धड दिसायची नाही. ती रेघ गेली की टेबलावर आधीच मोजून ठेवलेले पैसे माझ्या हातात पडत आणि मग चहा. एकदा मी सहज म्हणालो की तीनशे बारा खिडक्यांत कुठली झाली नि कुठली राहिली याचा माझा गोंधळ होतो. पुढच्या महिन्यात त्यांनी मला इमारतीच्या चारही बाजूंचा नकाशा काढून दिला, प्रत्येक खिडकीला नंबर घालून. तो मी प्लॅस्टिकमध्ये घालून बादलीला बांधला होता. माझ्या आईनंतर माझ्यासाठी बसून कोणी काही केलं असेल तर ते त्यांनी, असं मी ममताला त्या दिवशी सांगितलं होतं.

मेट्रो बुटीबोरीपर्यंत गेली त्या वर्षी काकूंच्या इमारतीत नव्या काचा बसल्या.

सोसायटीच्या सभेला कंपनीचा एक इंजिनीअर आला होता. मला मुद्दाम बोलावलं होतं. त्याने टेबलावर एक साधी काच उभी केली, दिवे घालवले आणि काचेच्या कडेला एक छोटा टॉर्च लावला. काच काळीच राहिली, फक्त पलीकडची कड उजळली. तो म्हणाला, स्वच्छ काचेत कडेने सोडलेला उजेड आतल्या आतच आपटत जातो, बाहेर पडत नाही. मग त्याने काचेला अंगठा लावला. अंगठ्याचा ठसा तेवढा लखलखून दिसायला लागला. जिथे तेल, धूळ, माती बसते तिथून उजेड बाहेर गळतो, म्हणजे पलीकडच्या कडेला तेवढा कमी पोचतो. नव्या काचांच्या चौकटीत एका बाजूला डोळ्याला न दिसणारा उजेड सोडणारे बारीक दिवे होते आणि समोरच्या बाजूला तो मोजणारे मापक. किती उजेड गळाला यावरून काच स्वतःच आपला मळ शून्य ते शंभर अशा आकड्यात सांगणार. त्या आकड्याला त्यांनी धूसरांक असं नाव दिलं होतं. धूसरांक तीनच्या खाली आला की काच स्वच्छ, आणि स्वच्छ झाली की त्याच मिनिटाला घरमालकाच्या खात्यातून पैसे पुसणाऱ्याच्या खात्यात. कोणी कोणाकडे मागायचे नाहीत, कोणी कोणाला द्यायचे नाहीत.

सभेत टाळ्या वाजल्या. सगळ्यात जास्त मी वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला देव पावल्यासारखं झालं. पहिल्या महिन्यात तीनशे बारा खिडक्यांचे तीनशे बारा वेळा पैसे आले, एकही बुडाला नाही. मुलीचा फार्मसीचा प्रवेश त्या वर्षी मी उसनवारी न करता केला. काकूंना तेवढी ती काच पटली नव्हती. सभेतून निघताना त्या म्हणाल्या की आकडा ठीक आहे, पण बघणार कोण? मी हसून टाळलं. मला त्या वेळी त्यांचं बोलणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाची कटकट वाटली.

दोन महिन्यांनी लिफ्टजवळच्या गार्डने मला अडवलं. पैसे तर काचच देते, मग आत कशाला जाता, असं त्याचं म्हणणं. नवा नियम होता आणि त्यात त्याची चूक नव्हती. मीही फार वाद घातला नाही, कारण घरोघर जाण्यात माझा रोजचा तास-दीड तास जायचा. त्या वेळात मी पलीकडच्या इमारतीचं काम धरलं. काकूंना मी आता फक्त बाहेरून बघायचो. दुहेरी काच, आवाज इकडचा तिकडे जात नाही. त्या आतून हात करायच्या, मी बाहेरून करायचो.

आता हरकतीचं सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. गिऱ्हाइकाला काम पटलं नाही तर त्याने फोनवरून हरकत घ्यायची. ती माझ्याकडे यायची, काचेने मोजलेल्या आकड्यासकट, आणि खाली दोन बटणं. मान्य म्हटलं की पैसे परत जाणार आणि माझ्या नावावर एक काळा शेरा. नामंजूर म्हटलं की आकडा खरा आणि गिऱ्हाईक खोटं. दोन तासांत उत्तर दिलं नाही तर मान्य धरणार. सहा महिन्यांत तीन शेरे झाले की इमारत माझ्याकडून जाणार. आणि गिऱ्हाइकाच्या तीन हरकती लागोपाठ नामंजूर झाल्या की त्याचा हरकतीचा हक्क एक वर्ष बंद. दोन्ही बाजूंना सारखाच चाप, एवढंच सभेत सांगितलं होतं, म्हणून सगळ्यांना तो न्याय वाटला.

मार्चपर्यंत माझ्यावर दोन शेरे होते. एक धुळीच्या वादळाचा. दुसरा माझ्या चांगुलपणाचा, सहाव्या मजल्यावरच्या आजोबांच्या काचेवर मी गेल्यावर कबुतरं बसली होती आणि मी मान्य म्हणून टाकलं होतं. ममताने मला तेव्हा चांगलं फैलावर घेतलं. तिसरा शेरा म्हणजे निम्मी कमाई आणि मुलीची दुसऱ्या वर्षाची फी. म्हणून मी ठरवलं होतं की आता काही झालं तरी मान्य म्हणायचं नाही.

काकूंची पहिली हरकत मार्चच्या शेवटी आली. ‘संध्याकाळी काच धुरकट दिसते. सकाळी बरी असते.’ खाली आकडा होता एक पूर्णांक दोन. इतकी स्वच्छ काच आख्ख्या इमारतीत दुसरी नव्हती. मी नामंजूर दाबलं आणि मनात म्हटलं की काकूंनाही आता पैसे जड व्हायला लागले. हा विचार माझ्या मनात आला हे मी लपवत नाही.

दुसरी एप्रिलच्या सुरुवातीला. ‘विमानतळाच्या दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात. साबण राहिला असावा.’ आकडा एक पूर्णांक एक. नामंजूर.

त्यानंतर दोन दिवसांनी मी सकाळी शेजारच्या खिडकीवर होतो. काकूंनी मला बघितलं आणि त्या काचेजवळ आल्या. त्यांनी लांब विमानतळाच्या खांबाकडे बोट केलं आणि मग त्याच बोटाने काचेवर एक गोल काढला. पुन्हा खांब, पुन्हा गोल. मला वाटलं गोल डाग आहे म्हणतात. मी दोर सरकवून गेलो, ती जागा पुन्हा पुसली. त्या मान हलवत राहिल्या, हा डाग नव्हे अशी. मग मी खिशातून फोन काढला आणि आकडा त्यांच्यासमोर धरला. काकूंनी तो वाचला. चौतीस वर्षं ज्या बाईने रेघेची जाडी नुसत्या नजरेने ओळखली होती, तिने तो आकडा वाचून मान खाली घातली आणि ती आत गेली. आकडा खरा आहे म्हणजे आपलंच काही चुकत असेल, असं तिला वाटलं असणार. काय चुकतं आहे ते सांगायला त्या वेळी माझ्याशिवाय तिथे कोणी नव्हतं.

तिसरी हरकत एका गुरुवारी आली. मी बेसा चौकात टपरीवर तर्री-पोहे खात बसलो होतो. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन. हरकतीत काचेबद्दल काही नव्हतंच. लिहिलं होतं, ‘हेमराज, एकदा घरात येऊन तू स्वतः बघून जा.’

मला कळलं. अगदी सगळं नाही, पण कळलं. नत्थूकाकांचे शब्द तिथे बसल्या बसल्या माझ्या कानात आले. जुनं गिऱ्हाईक, पैशाला कधी मागेपुढे न पाहणारं. पोह्यांचा घास माझ्या तोंडात तसाच राहिला. मान्य म्हटलं तर तिसरा शेरा. उत्तर दिलं नाही तरी तिसरा शेरा. मी स्वतःची समजूत घातली की हरकत ही हरकत आहे आणि डोळे हे डोळे. आता नामंजूर करू, इमारत वाचवू आणि रविवारी गार्डला सांगून वर जाऊ, काकूंना म्हणू की डोळे दाखवून या. दोन्ही साधेल. मी बटण दाबलं आणि राहिलेले पोहे संपवले.

रविवारी रामटेकला साक्षगंध होतं, ममताच्या मावसबहिणीचा साखरपुडा. त्याच्या पुढच्या रविवारी मी घरीच होतो आणि गेलो नाही. काकूंचा नंबर माझ्याकडे होता. दोनदा काढला आणि परत ठेवला. तीन वेळा तिला खोटं ठरवून, तिचं तोंड एक वर्षासाठी बंद करून, वर फोन करून तब्येत कशी आहे विचारायची, मला लाज वाटली. लाज वाटते म्हणून माणूस जे करतो ते बहुतेक वेळा त्या लाजेपेक्षा वाईट असतं. तो आठवडा गेला, मग महिना गेला.

मे महिन्याच्या पाळीला काकूंच्या घरात अंधार होता. जूनलाही कोणी नव्हतं. मी काच पुसत होतो आणि पैसे येत होते. काकू भाच्याकडे गेल्या असतील, असं मी धरून चाललो.

ऑगस्टमध्ये त्याच गार्डने मला बोलता बोलता सांगितलं की अकराव्या मजल्यावरच्या मॅडम परत आल्या, पण त्यांचे डोळे गेले. मी त्याला म्हटलं, मला वर जाऊ दे. माझ्या तोंडाकडे बघून त्याने वहीत नाव लिहायलाही सांगितलं नाही.

दार कामाच्या मुलीने उघडलं. काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. मी आत पाऊल टाकलं आणि त्या म्हणाल्या, "हेमराज ना? चपला काढायचा आवाज ओळखला मी." मी खाली जमिनीवर बसलो. माझ्याने खुर्चीवर बसवेना.

त्यांनीच सगळं सांगितलं, शांतपणे, नकाशा समजावून सांगावा तसं. डोळ्याच्या आत सारखं पाणी तयार होतं आणि कोपऱ्यातल्या एका बारीक वाटेने बाहेर जातं. काही माणसांची ती वाट जन्मापासूनच अरुंद असते. संध्याकाळी उजेड कमी झाला की बाहुली पसरते, वाट दाबली जाते, पाणी तुंबतं, डोळ्यातला दाब वाढतो. त्या दाबाने बुबुळावरचा पारदर्शक पडदा पाणी धरतो आणि मग समोरचं सगळं धुरकट दिसतं, दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात. झोप झाली की दाब उतरतो, सकाळी पुन्हा सगळं स्वच्छ. असं महिनोन् महिने चालतं आणि प्रत्येक वेळी डोळ्यामागची नस थोडी थोडी मरते. मेलेली नस परत येत नाही. काचबिंदूचाच हा एक प्रकार. मे महिन्यात एका संध्याकाळी त्यांचं डोकं असह्य दुखायला लागलं, उलट्या झाल्या, आधी सगळ्यांना ऊन लागल्यासारखं वाटलं. दोन दिवस त्यातच गेले, मग भाचा येऊन रायपूरला घेऊन गेला. उजवा डोळा पूर्ण गेला. डाव्याला उजेड आणि अंधार तेवढा कळतो. रायपूरचे डॉक्टर म्हणाले, मार्च-एप्रिलमध्ये आल्या असत्या तर लेसरने एक बारीक छिद्र पाडलं असतं, पाच मिनिटांचं काम होतं.

कामाच्या मुलीने चहा आणला. काकूंनी कप दोन्ही हातांनी धरला.

"मी तक्रार केली होती रे," त्या म्हणाल्या. "तीनदा केली. त्या मशीनने तिन्ही वेळा फेटाळली. मशीनला काय कळणार? मला वाटलं, माझंच डोकं फिरून राहिलं आहे. तू दारी आला असता ना, तर तुझ्या लक्षात आलं असतं. देवतळ्यांच्या वेळी नव्हतं का आलं?"

मी गप्प बसू शकलो असतो. त्यांना कधीच कळलं नसतं. हरकत कोण वाचतं, कोण फेटाळतं हे गिऱ्हाइकाला कुठेच दिसत नाही, नुसतं ‘नामंजूर’ येतं. मी तसाच उठून गेलो असतो तर त्यांच्या लेखी मी आयुष्यभर चांगला माणूस राहिलो असतो. आणि पुढे दर महिन्याला त्या मला चहाला वर बोलावत राहिल्या असत्या. तेच मला सहन होईना.

"काकू," मी म्हणालो, "ते मशीन नव्हतं. मी होतो. मशीन नुसता आकडा सांगते. बटण मी दाबत होतो."

काकूंनी कप खाली ठेवला, टेबलाची कड आधी हाताने शोधून. मी शेऱ्यांचं सांगितलं, मुलीच्या फीचं सांगितलं. सांगताना माझं मलाच ते कानाला लागत होतं. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"तिसऱ्या वेळी मी काय लिहिलं होतं, ते वाचलं होतं तू?"

"वाचलं होतं."

"मग कळलं होतं का तुला?"

"कळलं होतं," मी म्हणालो.

कामाची मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आमच्याकडे बघत होती. काकूंचा चेहरा माझ्याकडे नव्हता, खिडकीकडे होता. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मी त्यांचे पाय धरले असते, मला ते हवं होतं.

"चहा पिऊन जा," त्या म्हणाल्या. "थंड होईल."

मी तो चहा प्यालो आणि निघालो. ये म्हणून त्यांनी सांगितलं नाही.

घरी मी ममताला सगळं सांगितलं. ती म्हणाली की तिसरा शेरा घेतला असता तर आपण काही मेलो नसतो. मला शेऱ्यांवरून फैलावर घेणारी हीच, पण तिच्यावर ढकलायचं काही कारण नाही. तिने मला शेरे टाळायला सांगितलं होतं. काकूंची हरकत काही तिला आलेली नव्हती.

मग मी ठरवलं की निदान त्या बाईचे पैसे घ्यायचे नाहीत. काच फुकट पुसायची. पण ते जमेना. काच स्वच्छ झाली की पैसे आपोआप येतात, ते अडवायला बटण नाही. मी कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस सौजन्याने बोलला. पैसे परत करायचे असतील तर एकच वाट आहे, गिऱ्हाइकाने हरकत घ्यायची आणि तुम्ही मान्य म्हणायचं. मी म्हटलं, त्यांचा हरकतीचा हक्क पुढच्या एप्रिलपर्यंत बंद आहे. त्याने विचारलं, कोणामुळे बंद झाला? मी फोन ठेवून दिला.

पुसायचीच नाही, असंही मनात आलं. तर महिनाभरात धूसरांक चाळीसवर जातो आणि सोसायटीचा दंड घरमालकाला बसतो. म्हणजे तोही काकूंनाच. पैसे पाकिटात घालून गार्डकडे दिले, ते पाकीट न उघडता परत आलं. आपल्याच हाताने करून ठेवलेलं कुठूनच सुटत नव्हतं.

सप्टेंबरच्या पाच तारखेला दुपारनंतर क विंगची पाळी आली. तेरावा झाला, बारावा झाला. मग मी अकराव्याशी आलो. काकू खिडकीशी बसल्या होत्या, काचेकडे तोंड करून. ऊन माझ्या पाठीमागून येत होतं आणि मी खाली उतरलो तशी माझी सावली त्यांच्या चेहऱ्यावर पडली. डाव्या डोळ्याला उजेड आणि अंधार कळतो, असं त्यांनीच सांगितलं होतं. त्यांना कळलं कोण आलं ते. मी हात वर केला. मग तो कशासाठी वर केला हे माझं मलाच समजेना आणि मी खाली घेतला.

काकू उठल्या. एक हात भिंतीला लावून सावकाश खिडकीच्या टोकापर्यंत गेल्या, चाचपून पडद्याची कड शोधली आणि ओढत आणली. अर्ध्यात तो अडकला. त्यांनी मागे जाऊन तो सोडवला आणि पुन्हा ओढला. दुसरीकडचाही आणला. दोन्ही पडद्यांच्या मधे बोटभर फट राहिली होती. त्या फटीत मला त्यांची बोटं दिसली, कडेला कड जुळते आहे का ते वरपासून खालपर्यंत तपासणारी. मग फटही मिटली.

मी काच पुसली. धूसरांक एकवर आला आणि त्यांच्या खात्यातले दोनशे चाळीस रुपये माझ्या खात्यात आले.